सिस्टर लिओकाडियाचा विमा

महिन्यातल्या एका ठरलेल्या बुधवारी, नाश्ता उरकला की मदर बेनिग्ना कॉफीचा कप हातात घेऊन हिशेबाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काय लोजा, याही महिन्याचा वारला का?"

"वारला," सिस्टर लिओकाडिया मान वर न करता म्हणायची.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," असं म्हणून मदर हसत हसत निघून जायच्या.

वारायचा तो विमा. दर महिन्याला विकत घेतलेला, दर महिन्याला मुदत संपून मातीमोल झालेला. मदर आणि लिओकाडिया एकाच वर्षी मठात आलेल्या, एकाच खोलीत झोपलेल्या, एकाच आजारपणात एकमेकींच्या डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवलेल्या. त्यामुळे चौघींत 'मदर' आणि 'सिस्टर' असलं, तरी एकट्या असताना लिओकाडियाची 'लोजा' व्हायची आणि 'अगं-तुगं' चालायचं. आणि मदरच्या त्या थट्टेत खोटं काही नव्हतं. पैसे खरोखरच जात होते.

शिकागोच्या नैर्ऋत्येला, आर्चर अव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत हा पोलिश सिस्टरांचा मठ. एके काळी दीडशेवर सिस्टर होत्या, शेजारी मुलामुलींची मोठी शाळा होती. लिओकाडिया त्या शाळेत बीजगणित शिकवायची. तिचा बाप कत्तलखान्याच्या आवारात मांस कापायचा, आई चर्चचे पडदे शिवायची. अठराव्या वर्षी पोरगी मठात शिरली तेव्हा बाप इतकंच म्हणाला होता, "तिथे जेवायला तरी पोटभर देतात ना?" पुढे वस्ती पांगली, मुलं कमी झाली, शाळा बंद पडली. नव्या मुली मठात येईनाशा झाल्या. राहिलेल्या सिस्टर म्हाताऱ्या होत गेल्या आणि लिओकाडियाच्या हाती खडूऐवजी मठाचा म्हातारपणाचा निधी आला. शेअर, कर्जरोखे, थोडी रोकड. आयुष्यभर जवळजवळ फुकट शिकवलेल्या बायकांना शेवटची वर्षं काढायला एवढंच होतं.

तळमजल्यावर मठाचा छोटा दवाखाना होता. ज्यांना उठवत नाही, दिसत नाही, आठवत नाही, अशा सिस्टर तिथे राहायच्या. एखादीचं अखेरचं जवळ आलं की घंटा वाजायची. कुणी स्वयंपाकघरातून, कुणी बागेतून, कुणी काठी टेकत, सगळ्या त्या खाटेभोवती जमायच्या आणि गायच्या. मठ स्थापन झाल्यापासूनची ही रीत. एकटीनं जायचं नाही, गाणं ऐकत जायचं.

दोन हजार आठ साली बाजार कोसळला तेव्हा ही रीत मोडली. निधीचा तिसरा हिस्सा बघता बघता नाहीसा झाला. दवाखान्याच्या नर्सचा पगार निघेना. कार्यकारिणीनं दवाखाना बंद केला आणि नऊ जणींना दूरच्या उपनगरांतल्या दोन वृद्धाश्रमांत ठेवलं. त्यातल्या सिस्टर हेडविगा डिसेंबरात वारल्या. फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. "रात्रीच केव्हातरी गेल्या," फोनवरची बाई म्हणाली. "नक्की केव्हा ते सांगता येणार नाही."

त्या नऊ जणींत सिस्टर पेलागियाही होत्या. लिओकाडियाला मठात घडवलं ते त्यांनी. गुडघ्यावर बसायचं कसं, मौनात रागवायचं नाही कसं, हसू दाबायचं कसं, सगळं. डोळे गेलेल्या पेलागियांना वृद्धाश्रमाच्या दारात सोडताना त्यांनी लिओकाडियाची बाही धरली आणि विचारलं, "आपण कुठे आलो आहोत गं?" लिओकाडियानं बाही हळूच सोडवून घेतली. ती गाडीत येऊन बसली. गाडी सुरू करायला तिला बराच वेळ लागला.

शाळेची इमारत विकली गेली तेव्हा दवाखाना पुन्हा उघडला आणि उरलेल्या जणी परत आल्या, पेलागियाही. पण लिओकाडियाच्या मनातून ते दार गेलं नाही. बाजार पुन्हा कधी कोसळला तर विकायला आता दुसरी इमारतही नव्हती.

तेव्हा तिनं रेमंड द्रोझ्दला बोलावलं. रेमंड तिचा आठवीतला विद्यार्थी. आता पन्नाशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, आवाज कायमचा घोगरा. हा घसा त्यानं सौदेबाजारात वीस वर्षं ओरडून बसवलेला. पुढे त्यानं लासॅल स्ट्रीटवर गुंतवणुकीचा सल्ला देण्याची एक लहानशी कचेरी थाटली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, बीटचं सूप पीत त्यानं समजावून सांगितलं.

"सिस्टर, बाजार पडतो तेव्हा काय होतं?"

"आम्ही सूप पातळ करतो."

"तसं नाही हो. लोक घाबरतात. आणि किती घाबरलेत याचा एक आकडा निघतो, आपल्याच गावात. व्हिक्स म्हणतात त्याला. सगळं शांत असलं की बारा, तेरा, पंधरा. आठ साली ऐंशीवर गेला होता."

"भीती मोजतात?"

"मोजतात आणि विकतातही. 'हा आकडा पंचविसाच्या वर गेला, तर वरचे जेवढे होतील तेवढे माझे,' असा हक्क विकत मिळतो. त्याला कॉल ऑप्शन म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांपुरता. बाजार शांत राहिला तर हक्काचे पैसे बुडाले. बाजार कोसळला तर शेअरमध्ये जे गेलं त्यातलं बरंचसं इकडून परत येतं."

"म्हणजे व्रतस्थ बायकांनी जगाच्या भीतीवर पैज लावायची."

"पैज कसली, विमा आहे तो! मठाच्या छपराचा आगीचा विमा उतरवलाय ना तुम्ही? छप्पर जळावं म्हणून का हप्ते भरता?"

"आगीचा विमा दर महिन्याला मरत नाही, रेमंड."

"हा मरतो," रेमंडनं कबूल केलं. "आणि याला आणखी एक खोड आहे. आग लागलेली असतानाच हा विकावा लागतो. आग विझल्यावर घेऊन गेलात तर कुणी विचारत नाही."

लिओकाडियानं त्याला बीजगणितातल्यासारखे उलटसुलट प्रश्न विचारले. बाजार हळूहळू, महिनोन्‌महिने घसरत गेला तर? तर फारसा उपयोग नाही, तो म्हणाला. आकडा एका दिवसात उडाला आणि लगेच खाली आला तर? तर ऑप्शनची किंमत तेवढी वाढतही नाही, कारण ती आजच्या भीतीवर नसते, मुदतीच्या दिवशी भीती किती असेल या अंदाजावर असते. तिनं ते सगळं समजून घेतलं आणि तरीही 'घे' म्हणाली. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

मग सुरू झालं ते दर महिन्याचं वारणं. वर्षांमागून वर्षं बाजार चढत राहिला. कार्यकारिणीत कुरकुर सुरू झाली. खिडक्या गळतात, बॉयलर जुना झालाय, आणि आपण दर महिन्याला हवा विकत घेतोय. सिस्टर क्लेमेंटिना एकदा म्हणाल्या, "इतक्या पैशांत मी नवीन पियानो घेतला असता. निदान वाजला तरी असता." सगळ्या हसल्या. लिओकाडियाही हसली. पण पुढच्या महिन्याचा हप्ता गेलाच.

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, बाजार एकाएकी घसरला. मंगळवारी सकाळी लिओकाडिया दवाखान्यात सिस्टर पेलागियांना ओटची लापशी भरवत होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"सिस्टर!" रेमंड जुन्या सवयीनं ओरडतच होता. "उडाला! पन्नासला शिवून आलाय. आपले ऑप्शन घेतल्या भावाच्या कितीतरी पट झालेत. विकू?"

लिओकाडियाच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतकी वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो आला होता.

"शेअर किती पडले?"

"पडलेत, पण अजून फार नाहीत."

"मग ही तर सुरुवात असेल. आठ साली महिनोन्‌महिने पडत होते. आत्ता विकले आणि पुढच्या आठवड्यात खरी पडझड झाली तर आपल्या हातात काय राहील?"

"खरं आहे. पण सिस्टर, निम्मे तरी..."

"थांब," ती म्हणाली.

"थांबतो," रेमंड म्हणाला. दुपारपर्यंत आकडा निम्म्याकडे आला.

गुरुवारी बाजार पुन्हा आपटला. पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. "आता तरी, सिस्टर?" या वेळी तिला जास्तच खात्री वाटली. "बघ, मी म्हटलं नव्हतं? अजून येणार आहे." फोन ठेवल्यावर ती प्रार्थनेला बसली, पण नक्की काय मागावं ते तिला कळेना. बाजार पडावा म्हणून प्रार्थना करायची, की पडू नये म्हणून? ती तशीच उठली.

पुढचे दिवस बाजार शांत होत गेला. उपासाचा काळ सुरू होण्याआधीचा मंगळवार उजाडला. आर्चर अव्हेन्यूवरच्या बेकऱ्यांसमोर सकाळपासून रांगा. मठातही सिस्टर क्लेमेंटिना जॅम भरलेले पाँचकी तळत होत्या आणि सगळीकडे तुपकट गोड वास सुटला होता. रेमंड फोन न करता स्वतःच आला. हिशेबाच्या खोलीत टोपी हातात धरून उभा राहिला, शाळेत गृहपाठ न करता यायचा तसा.

"उद्या सकाळी मुदत संपते, सिस्टर. आज विकायचा शेवटचा दिवस."

"काय भाव आहे?"

"विकण्यासारखा भाव नाही."

तिनं हिशेबाची वही मिटली आणि म्हणाली, "बस. पाँचकी खाऊन जा. गरम आहेत."

तो बसला, एक खाल्ला, आणि रडल्यासारखं तोंड करून म्हणाला, "चूक माझी आहे. मी जोर करायला हवा होता."

"तू विचारलं होतंस, रेमंड. दोनदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन ती चर्चमधून बाहेर आली, तेव्हा फोनवर त्याचा निरोप होता. काही हाती लागलं नव्हतं. त्या बुधवारी मदर बेनिग्ना दारात आल्या नाहीत. त्यांनी मुद्दामच टाळलं असावं, आणि ते न येणंच लिओकाडियाला जास्त लागलं. पैसे नेहमीच जायचे, त्याची सवय झाली होती. पण या वेळी विमा जिवंत होऊन तिच्या हातात आला होता आणि तिला तो सोडता आला नव्हता.

कार्यकारिणीत मदर म्हणाल्या, "सिस्टर लिओकाडिया, आता पुरे नाही का?"

"पुरे म्हणत असाल तर पुरे," ती म्हणाली. "पण मला एकदा बोलू द्या." आणि ती बोलली. सिस्टर हेडविगांबद्दल बोलली, फोनवरच्या बाईबद्दल बोलली. आकड्यांबद्दल फार थोडं बोलली. शेवटी ठरलं ते असं, की हप्ता निम्मा करायचा आणि विकायचं केव्हा ते तिच्यावर ठेवायचं नाही. ही दुसरी अट तिनं स्वतःच घातली.

"इतक्या पटीला पोचलं की थोडे, इतक्या पटीला निम्मे, मग सगळे," रेमंडबरोबर तिनं ठरवून टाकलं. "मला विचारायचं नाही. विकून झाल्यावर सांगायचं."

"आणि तुम्हीच फोन करून 'थांब' म्हणालात तर?"

"तर ऐकू नकोस."

पुन्हा वारणं सुरू झालं, पूर्वीच्या निम्म्या किमतीचं. आणि मग विसाव्या सालचा फेब्रुवारी संपत आला.

रेमंडचा पहिला फोन आला तेव्हा त्याचा आवाज चक्क हळू होता. "थोडे विकले, सिस्टर." काही दिवसांनी, "निम्मे विकले." मार्चच्या मध्यावर साथीमुळे शहराला कुलपं लागत होती, सौदेबाजारातली माणसंही घरी पाठवली होती, तेव्हा त्यानं आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरून फोन केला. "सगळे विकले. भीतीचा आकडा आठ सालाच्याही वर गेलाय. आता आपल्याकडे काही नाही, सगळी रोकड झालीय."

"पुरेल?"

"शेअरचा तिसरा हिस्सा गेलाय, तो सगळा भरून निघणार नाही. पण बरीच वर्षं एकही शेअर पडत्या भावात विकावा लागणार नाही. दवाखाना चालेल, सिस्टर. चालेलच."

लिओकाडियानं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणातलं बर्फ वितळत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो कुणाला सांगावा असा नव्हता. जग घाबरलं होतं म्हणून तिला पैसे मिळाले होते. मदर बेनिग्नांना सांगायला गेली तेव्हा मदर खुर्चीतून उठल्या, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "वारला नाही?"

"नाही वारला."

"दहा वर्षं हसले गं मी तुला."

त्याच आठवड्यात मठाच्या डॉक्टरांचा फोन आला. एका छपराखाली इतक्या म्हाताऱ्या बायका नकोत, म्हणाले. ज्यांना भाऊ, बहिणी, भाचे आहेत त्यांना शक्य तर काही महिने तिकडे पाठवा. कार्यकारिणी बसली. पैसा नसता तर निर्णय आपोआप झाला असता. पण पैसा होता, आणि तो कुणामुळे आला हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या लिओकाडियाकडे पाहू लागल्या.

"कुणालाही बाहेर पाठवायचं नाही," ती म्हणाली. "नर्सेस आणि मदतनिसांना जास्त पगार देऊ, म्हणजे त्यांना दुसरीकडे नोकरी करावी लागणार नाही आणि आजार बाहेरून आत येणार नाही. मास्क, हातमोजे, जे लागेल ते मिळेल त्या भावानं घेऊ. एकदा पाठवलं होतं आपण. पुन्हा नाही."

कुणीच विरोध केला नाही.

दोन दिवसांनी विस्कॉन्सिनहून सिस्टर पेलागियांच्या भाचीचा फोन आला. डोरीन तिचं नाव. गाईगुरांच्या गावात मोठं घर, मुलं मोठी होऊन गेलेली. "सिस्टर, आत्याला मी घेऊन जाऊ का? खालची खोली मोकळी आहे. मी दिवसभर घरीच असते."

"आत्यांना इथे सगळं हाताला सवयीचं आहे," लिओकाडिया म्हणाली. "डोळे नाहीत त्यांना. नव्या जागी घाबरतील. आणि इथे नर्स आहेत, काळजी जास्त चांगली होईल, बाळ."

"तुम्ही म्हणता तसं," डोरीन म्हणाली.

आजार कसा आत आला ते कधीच कळलं नाही. मदतनिसांनी दुसऱ्या नोकऱ्या सोडल्या होत्या. दारात सगळ्यांचा ताप मोजला जात होता. ईस्टर झालं, आणि पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या एकीला खोकला सुरू झाला. मग दुसरीला. मग वरच्या मजल्यावर. लिओकाडियाला ताप चढला आणि तिला तिच्याच खोलीत बंद केलं. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून मदतनीस दार वाजवून निघून जायची. ताट घ्यायला उठण्याइतकंही बळ काही दिवस तिच्यात नव्हतं.

पलंगावर पडल्या पडल्या तिला घंटा ऐकू यायची. आधी एकदा. मग पुन्हा. ती उठून बसायची, पाय खाली सोडायची, आणि दाराकडे पाहत तशीच राहायची. दार बाहेरून लावलेलं नव्हतं, पण उघडायचं नाही हे तिनंच बैठकीत ठरवलेल्या नियमांत होतं.

एका दुपारी फोन वाजला. मारिसोल, दवाखान्यातली मदतनीस. मास्कमधून तिचा आवाज दबका येत होता. "सिस्टर, पेलागिया सिस्टरांचं आता... मी फोन त्यांच्या कानाशी धरते. मदरना आणि बाकीच्यांनाही जोडलंय. गाल का?"

लिओकाडिया उशीवर टेकून बसली आणि गायला लागली. फोनमध्ये दुसऱ्या खोल्यांतले आवाज येत होते, पण कुणाचा आधी, कुणाचा मागाहून. एकीची ओळ संपायच्या आत दुसरीची सुरू व्हायची. कुणी खोकत होतं. मदर बेनिग्नांचा आवाज मधेच गेला आणि परत आला. ज्या गाण्यात पन्नास-पन्नास जणी एका श्वासात गायच्या, त्याच्या चिंध्या चिंध्या होऊन त्या म्हातारीच्या कानात पडत होत्या. लिओकाडियाला जोराचा खोकला आला आणि तिचं गाणं तिथेच थांबलं. खोकला आवरला तेव्हा फोनवर मारिसोल एकटीच होती आणि रडत होती.

"त्यांना ऐकू गेलं का?" लिओकाडियानं विचारलं.

"माहीत नाही, सिस्टर. त्यांनी विचारलं, की आज सगळ्या अशा वेगवेगळ्या का गातायत."

डोरीनला फोन तिनंच केला. दुसऱ्या कुणावर सोपवणं तिला पटलं नाही. डोरीननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काळजी चांगली होईल म्हणाला होतात तुम्ही."

"हो," लिओकाडिया म्हणाली. "म्हणाले होते."

डोरीन भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त आत्याची जपमाळ टपालानं पाठवता येईल का ते विचारलं आणि फोन ठेवला.

दफनं मठामागच्याच जागेत व्हायची. पाद्री आणि शवपेटी आणणारी माणसं, एवढेच. सिस्टर आपापल्या खिडक्यांत उभ्या राहायच्या. लिओकाडियाच्या खिडकीतून कबरी दिसत नव्हत्या. पाद्र्याची छत्री तेवढी दिसायची आणि ती हलली की समजायचं, संपलं. एकदा छत्री हलली आणि तिथेच थांबली. त्या दिवशी दोघींना पुरायचं होतं.

मे महिन्यात, तिचा ताप उतरल्यावर, रेमंडचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं, त्याच्या आईची एक मैत्रीण त्या गेलेल्यांत होती. शेवटी जे एकच त्याला येत होतं तेच तो बोलला. "सिस्टर, बाजार चढतोय."

"का चढतोय?"

"माहीत नाही. खरं सांगू? कुणालाच माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली.

"नवे ऑप्शन घ्यायचे का? महाग झालेत. भीती अजून पुरती उतरलेली नाही."

लिओकाडियानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हणाले नसते तर त्या विस्कॉन्सिनला गेल्या असत्या, रेमंड."

"सिस्टर, कुठे काय झालं असतं ते कुणी सांगावं? तिथेही..."

"तिथेही, हो. मीही स्वतःला तेच सांगते." तिनं श्वास घेतला. "पैसे नसते आले तर मी बैठकीत उभीच राहिले नसते. पाठवलं असतं आम्ही सगळ्यांना. रडत रडत पाठवलं असतं."

"मग घेऊ नको?" त्यानं हळूच विचारलं.

"घे. आहेत त्यांच्यापुरते घे."

उन्हाळा सरता सरता निधीचा वार्षिक अहवाल आला. बाहेरच्या हिशेबनिसांनी तयार केलेला, जाड कागदाचा. बैठक बागेत भरली. खुर्च्या एकमेकींपासून लांब, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. काही खुर्च्या मांडायची गरज उरली नव्हती, पण सवयीनं कुणीतरी मांडल्या होत्या आणि मग कुणालाच त्या उचलवल्या नाहीत.

लिओकाडियानं अहवाल वाचायला घेतला. सुरुवातीची पानं तिनं सरळ वाचली. बाजार किती पडला, विम्यानं किती भरून काढलं, बाजार परत किती चढला. मग ती शेवटच्या पानावर आली आणि तिचा आवाज अडखळला. निधी सभासदांना शेवटपर्यंत पुरेल का, असा प्रश्न दर वर्षी त्या पानावर असायचा, आणि दर वर्षी उत्तर 'पुरणार नाही' असंच असायचं. या वर्षी लिहिलं होतं की सभासदसंख्येत झालेला बदल लक्षात घेता निधी पुरून उरेल.

मदर बेनिग्नांना अलीकडे नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी खुर्चीतून पुढे वाकून विचारलं, "म्हणजे चांगलं आहे ना, सिस्टर?"

सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं होतं. सिस्टर क्लेमेंटिनांनी डोळे मिटून घेतले होते.

"चांगलं आहे, मदर," लिओकाडिया म्हणाली.

"पैसा आहे?"

"आहे."

लिंडनच्या झाडावर मधमाश्या घोंघावत होत्या. मग सर्वांत तरुण, म्हणजे सत्तरीला आलेल्या एका सिस्टरनं दबकत हात वर केला आणि विचारलं, की मग ती लिफ्ट दुरुस्त करून घ्यायची का? पाच वर्षं मधेच अडकते.

"घेऊ या," मदर म्हणाल्या. "कुणाची हरकत?"

कुणाची हरकत नव्हती. सगळ्यांनी हात वर केले. लिओकाडियानं हात मोजले, मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजले, आणि ठराव लिहून घेतला. मग अहवाल बंद करून ती उठली. दवाखान्यात दोघी जेवायच्या थांबल्या होत्या, आणि त्यांतली एक तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे.